टाके निघाले म्हणजे झालं असं नसतं

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुमच्याकडं प्लास्टिक सर्जरीवर पानभर लेख आला होता. वर एका मॉडेलचा फोटो आणि खाली नाक, ओठ, पोट, केस, कशाचं काय काय करून मिळतं आणि त्याला किती दिवस सुट्टी टाकावी लागते. लेख वाईट होता असं मी म्हणत नाही, ज्याला करायचंय त्यानं करावं, ज्याचा पैसा त्याची हौस. पण एवढ्या पानात भाजलेल्या माणसाबद्दल एक ओळ, ती पण अगदी तळाला, की अपघातग्रस्तांनाही याचा फायदा होतो. ती ओळ मी आमच्या ह्यांना वाचून दाखवली आणि म्हटलं बघा, आपली तीन वर्षं एका ओळीत बसवली. म्हणून हे पत्र. लांबलंय, मोबाईलवर बोलून आणि डाव्या हातानं टाईप करून लिहिलंय त्यामुळं चुका असतील, कापायचं तिथं कापा पण हातमोज्याचा भाग तेवढा कापू नका.

मी कराड तालुक्यातली. घरीच शिलाईकाम करते, ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल पिको. लग्नसराईत अस्तराचे ब्लाऊज दिवसाला चार पाच सहज निघायचे. २०२१ ची दिवाळी, फराळ चाललेला, चकलीचा शेवटचा घाणा काढला आणि कढई खाली उतरवताना सांडशी सटकली. तेल उजव्या हातावर, मनगटापासून बोटांच्या वरच्या बाजूनं आणि अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या खाचेत. मी ओरडले का नाही ते मला आठवत नाही, चकल्या जमिनीवर पडलेल्या मात्र आठवतात.

मग जे सगळ्यांच्या घरी होतं तेच. जाऊबाईंनी टूथपेस्ट थापली, शेजारच्या काकू शाईची बाटली घेऊन आल्या, तिसरीनं बटाटा किसायला घेतला. घरात नळाला पाणी होतं पण हात नळाखाली धरायला कुणी सांगितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. साधं नळाचं पाणी, वीस मिनिटं, बर्फ नाही पेस्ट नाही हळद नाही, एवढंच करायचं असतं हे मला सहा महिन्यांनी कळलं. बांगड्या अंगठी तिथल्या तिथं काढायची हे पण. माझा हात तासाभरात असा फुगला की बांगड्या फोडाव्या लागल्या आणि अंगठी कटरनं कापली, आणि ती पेस्ट दवाखान्यात घासून काढताना जे झालं ते मी लिहीत नाही.

दिवाळी झाली आणि एसटीचा संप पेटला. तुम्हाला आठवत असेल, एप्रिलपर्यंत गाड्या नीट चालू नव्हत्या. कोल्हापूरला किंवा पुण्याला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं तर वडापनं जायचं, सुजलेला हात छातीशी धरून जीपमध्ये चौदा माणसांत. त्यामुळं आम्ही इथल्याच एका खाजगी दवाखान्यात ड्रेसिंग करत राहिलो, एक दिवसाआड, अडीच महिने. दर वेळी जखम भरतीय, भरतीय. आणि खरंच भरत होती, पण कशी भरत होती ते कुणी बघितलं नाही. आता मला माहितीय की भाजलेलं तीन आठवड्यांत भरलं नाही तर त्याला बहुतेक वेळा दुसरीकडची कातडी लावावी लागते आणि नुसती वाट बघत बसलं की जखम आजूबाजूचं ओढून घेऊन बंद होते. आम्ही शिलाईवाल्या बायका ज्याला आवळलं म्हणतो तसं. दोरा जास्त ताणला की शिवण चुरगळते आणि कापड गोळा होतं, तसा माझा हात गोळा झाला. मूठ वळेना, बोटं मुळातून मागं ओढलेली आणि पुढं वाकडी, कोंबडीच्या पायासारखी, आणि अंगठा असा चिकटून बसला की कात्रीच्या कडीत जाईना.

कात्री धरता येत नाही म्हणजे माझ्यासाठी काय, हे मी कोल्हापूरच्या सर्जनना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा नीट बघायला लागले असं मला वाटलं. त्याआधी ते डाग किती जाईल याबद्दल बोलत होते. मी म्हटलं सर डाग राहू दे, मला कात्री पाहिजे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूरला पहिलं ऑपरेशन झालं. आवळलेली कातडी कापून हात मोकळा केला आणि जी उघडी जागा झाली तिथं मांडीवरचा पातळ पापुद्रा काढून लावला, त्याला स्किन ग्राफ्ट म्हणतात. अंगठ्याच्या खाचेत इंग्रजी झेडसारखे काप देऊन दोन टोकांची अदलाबदल केली. हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं आणि मला ते इतकं पटकन समजलं की त्यांनाच नवल वाटलं, पण काखेच्या गोलाईत बारीक कट मारले नाहीत तर ब्लाऊज ओढतो हे पंधरा वर्षं करणाऱ्या बाईला त्यात नवल काय वाटणार. कातडं पण कापडच आहे, फक्त ते मागणीप्रमाणे मिळत नाही, आपल्याच अंगावरच्या दुसऱ्या ठाणातून फाडावं लागतं.

आणि हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते, दुखतं ते हाताला नाही, मांडीला. हातावर ठिगळ लावलं तिथं काही नाही, पण जिथून काढलं ती मांडी पहिले चार पाच दिवस आग ओकत होती. तिच्यावरची पट्टी उघडायची नसते, दहा बारा दिवसांनी ती आपोआप सुटत येते, तोपर्यंत वास येतो, खाज येते, आपल्याला वाटतं पिकलं. माझ्या शेजारच्या बेडवरची बाई रात्रभर सिस्टरला बोलवायची, माझी पट्टी सोडा. दोन वाक्यं आधी कुणी बोललं असतं तर तिची रात्र शांत गेली असती.

पाचव्या दिवशी हात उघडला. सर खूश, ग्राफ्ट शंभर टक्के घेतलंय म्हणाले. मला बघवेना, जांभळं, ओलं, दुसऱ्या कुणाचं तरी मांस माझ्या हातावर ठेवल्यासारखं. सर म्हणाले एकदम नव्यासारखा होईल हात. बाराव्या दिवशी टाके निघाले, चौदाव्या दिवशी घरी.

इथंच खरी चूक झाली. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या सात ओळी होत्या आणि शेवटी एका ओळीत फिजिओथेरपी, बस. हाताला प्लास्टिकची एक पाटी करून दिलेली, स्प्लिंट, पाण्याचा ग्लास धरल्यासारखा हात त्यात ठेवायचा. किती दिवस ठेवायचा हे मी विचारलं तर उत्तर मिळालं, ठेवा थोडे दिवस. आता थोडे दिवस म्हणजे आमच्या घरात किती हे तुम्हीच सांगा. जूनमध्ये नणंदेच्या मुलीचं लग्न, घरात पंचवीस माणसं, सासूबाई म्हणाल्या अगं ऑपरेशन झालं ना, टाके निघाले ना, मग आता ते काय खेळण्यासारखं बांधून बसलीस. त्यांचं पण चुकलं नाही, आमच्याकडं अपेंडिक्स काढलं की टाके निघतात आणि माणूस शेतात जातो, हेच त्यांनी बघितलेलं. मी स्प्लिंट काढून कपाटावर ठेवली. फिजिओ करायचं तर इथून कोल्हापूर सत्तर किलोमीटर, आठवड्यातून तीनदा, एका सिटिंगचे तीनशे आणि तिकीट वेगळं. दोनदा गेले, मग सोडलं.

लावलेली कातडी आवळते. जेवढी पातळ तेवढी जास्त आवळते, आणि हे एक दोन महिने नाही, वर्ष दीड वर्ष चालतं, जोपर्यंत वण लाल आणि कडक आहे तोपर्यंत तो आतून ओढतच असतो. झोपेत पण. म्हणून रात्री स्प्लिंट, म्हणून दिवसा व्यायाम, म्हणून घट्ट हातमोजा. हे मला ऑपरेशननंतर चार महिन्यांनी कळलं जेव्हा अंगठा पुन्हा जागेवर जाऊन बसला होता. पन्नास टक्के माझी चूक आहे हे मी मान्य करते. बाकीची पन्नास कुणाची ते तुम्ही ठरवा. दोन तासांच्या ऑपरेशनचं नाव, फी, फोटो, सगळं, आणि पुढच्या दीड वर्षाला अर्धी ओळ.

त्यात इन्शुरन्स. ह्यांच्या कंपनीची ग्रुप मेडिक्लेम आहे, आम्ही बिल भरून क्लेम टाकला, महिन्यानं पत्र आलं की प्लास्टिक सर्जरी पॉलिसीत बसत नाही, नामंजूर. मी त्या दिवशी रडले, हात भाजला तेव्हा रडले नव्हते. म्हणजे मी काय हौसेनं केलं? माझी भाची बीकॉमला आहे, तिनं पॉलिसीचं पुस्तक काढून तेच कलम शेवटपर्यंत वाचलं. त्यात लिहिलेलं असतं की दिसणं बदलण्यासाठी केलेली कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी मिळणार नाही, *पण* अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतर अवयव पुन्हा घडवण्यासाठी असेल तर हे लागू नाही. हे कलम बहुतेक कंपन्यांच्या हेल्थ पॉलिसीत ठरावीक शब्दांत असतं. आमच्या पत्रात त्या कलमाचा पहिला अर्धा भाग छापला होता. सर्जनकडून लेखी घेतलं की हे बर्न काँट्रॅक्चर, म्हणजे भाजल्यानं आवळलेली कातडी आहे, हाताचं काम परत आणण्यासाठी आहे, कंपनीकडं लेखी तक्रार केली आणि खाली लिहिलं की महिन्यात उत्तर नाही आलं तर पुण्याला विमा लोकपालांकडं जाणार. तिथं वकील लागत नाही, फी नाही. जायची वेळ आली नाही, पैसे आले, पाच महिन्यांनी. भाची म्हणते जीएसटीत सुद्धा हाच फरक आहे, शोभेच्या सर्जरीवर १८ टक्के टॅक्स आणि जन्मदोष किंवा जखमेनंतर अवयव दुरुस्त करायचा असेल तर माफ. सरकारच्या टॅक्सवाल्यांना कळतं ते पुरवणीत एका चौकटीत छापता येईल की नाही बघा.

नावानंच घात केलाय खरं तर. आमच्या गल्लीत मला अजून विचारतात, हातात प्लास्टिक घातलंय का गं, वितळत नाही ना. प्लास्टिक हा ग्रीक शब्द आहे म्हणे, आकार देणे, घडवणे असा अर्थ. या सर्जरीला ते नाव बादल्या आणि मगांचं प्लास्टिक यायच्या कितीतरी आधी पडलंय.

दुसरं ऑपरेशन ऑगस्ट २०२३ मध्ये, या वेळी पुण्याला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून, केशरी रेशनकार्डावर. तिथल्या सर्जन मॅडम होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की हात पूर्वीसारखा होणार नाही, कधीच नाही, पण कात्री धरता येईल असा करू आणि त्यातलं निम्मं काम माझं आणि निम्मं तुमचं. मला आधी राग आला. आता वाटतं तीन वर्षांत माझ्याशी कुणी सगळ्यात चांगलं बोललं असेल तर ते हेच. आणि तारीख द्यायच्या आधी त्यांनी मला खालच्या मजल्यावर थेरपीच्या मॅडमकडं पाठवलं, त्या म्हणाल्या आधी स्प्लिंट घालून दोन रात्री झोपून दाखवा, मग ऑपरेशन.

त्या वॉर्डात मी सोळा दिवस होते आणि तिथं नाकाची हौस असलेलं कुणी नव्हतं. बारामतीकडचा एक पोरगा, कडबा कुट्टीत, म्हणजे चारा कापायच्या मशीनमध्ये, उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. बोटं घरच्यांनी शोधून आणली होती पण थेट बर्फात घालून, त्यामुळं ती गारठून मेली, जोडता आली नाहीत. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून कोरड्या पिशवीत घालायचं, पिशवीचं तोंड बांधायचं आणि मग ती पिशवी बर्फात ठेवायची, बोटाला बर्फ लागता कामा नये. हे प्रत्येक कुट्टी मशीनवर रंगवून लिहायला पाहिजे, साडी सेंटरची जाहिरात रंगवतात तसं. ओपीडीत एक आई भेटायची, तिच्या तान्ह्या पोरीचा ओठ दुभंगलेला. सासरच्यांनी दोष तिला दिला, ग्रहणात सुरी हातात घेतलीस म्हणून. पोरगी दहा आठवड्यांची आणि साडेचार किलोची झाली, रक्त बरं असलं, की ओठ शिवतात आणि टाळू नंतर, नऊ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान, म्हणजे बोलायला लागायच्या आत. स्माईल ट्रेन म्हणून संस्था आहे ती हॉस्पिटलना पैसे देते आणि पालकांना खर्च पडत नाही. ती आई मला म्हणाली ताई ऑपरेशनची भीती नाही हो, बारशाला पोरीचं तोंड झाकून बसवलं त्याचं दुःख आहे. एक शाळेतल्या बाई होत्या, कॅन्सरमुळं स्तन काढलेला, पोटाचं मांस आणि कातडी वापरून नवीन केला होता. त्यांना घरचेच म्हणाले होते, आता या वयात कशाला. त्या मला म्हणाल्या वय माझं आहे, आरसा पण माझाच आहे. बाई मोठी खमकी.

आणि काचेच्या पलीकडं बर्न्सच्या खोलीत एक मुलगी होती, स्टोव्हचा भडका, निम्म्याच्या आसपास अंग भाजलेलं. एवढं भाजलं की स्वतःची कातडी काढायला पुरेशी जागाच शिल्लक राहत नाही. तिला स्किन बँकेतली, मेलेल्या माणसानं दिलेली कातडी लावली होती. ती कायमची राहत नाही, दोन तीन आठवड्यांनी शरीर ती नाकारतं, पण तोपर्यंत अंगातलं पाणी जात नाही, जंतू शिरत नाहीत, माणूस तगतो. मग स्वतःची थोडी थोडी लावत जातात, तिला जाळीसारख्या चिरा पाडून ताणतात म्हणजे छोटा तुकडा मोठ्या जागेला पुरतो, आम्ही स्मॉकिंग करून कापड गोळा करतो त्याच्या बरोबर उलटं. आपल्या महाराष्ट्रात सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलात, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला अशा बँका आहेत. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत फोन करायचा, टीम घरी येते, मांड्या आणि पाठीवरचा वरचा पातळ थर घेतात, अर्धा पाऊण तास लागतो, रक्त वाहत नाही, मयत विद्रूप होत नाही, पट्टी बांधून देतात. रक्तगट जुळवायला लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवली की पाच वर्षांपर्यंत टिकते. मी माझ्या पोरांना सांगून ठेवलंय. सासूबाईंना पण सांगितलं, त्या म्हणाल्या माझ्या सुरकुत्या कोण घेणार. घेतात म्हटलं.

आता हातमोजा. प्रेशर ग्लोव्ह म्हणतात त्याला. ताणणाऱ्या जाळीच्या कापडाचा, कातडीच्या रंगाचा, मापापेक्षा मुद्दाम लहान शिवलेला, म्हणजे तो वणाला सारखा दाबून ठेवतो आणि वण जाड होत नाही. दिवसाचे तेवीस तास घालायचा, आंघोळ आणि तेल लावण्यापुरता काढायचा, कमीत कमी वर्षभर. दोन लागतात, एक धुवायला एक घालायला. दोन तीन महिन्यांत सैल होतो मग पुन्हा नवीन माप, पुन्हा नवीन जोडी. माझ्या एकाची किंमत अडीच हजार होती. हिशोब तुम्ही करा, मी करत नाही. ऑपरेशन योजनेतून फुकट झालं आणि हातमोजा, वणावर लावायची सिलिकॉनची पट्टी, रोजची फिजिओ सगळं माझ्या खिशातून गेलं. त्या वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, नाहीतर पुण्याच्या दर आठवड्याच्या फेऱ्या जमल्याच नसत्या.

एप्रिलच्या उन्हात तेवीस तास तो मोजा घालून बघा. घाम लावलेल्या कातडीला येत नाही, कारण तिच्यात घामाच्या गाठीच नसतात, पण आजूबाजूला येतो आणि मध्ये खाज सुटते, अशी खाज की रात्री भिंतीला हात घासावा वाटतो. हळदीकुंकवाला गेले तर वाण देणारीनं डाव्या हातात ठेवलं. एका बाईनं कानात विचारलं, कोड आहे का. मी मोजा काढून दाखवला, म्हटलं नाही, चकली आहे. तेव्हापासून आमच्या भिशीत माझं नाव चकली पडलंय, पडू दे.

दुसऱ्या ऑपरेशनला दोन वर्षं होत आली. मूठ वळते, करंगळी अजून अर्धीच येते. कात्री धरता येते. ठिगळावर स्पर्श कमी आहे, सुई टोचली तरी कळत नाही, कापडावर रक्ताचा ठिपका दिसला की कळतं, म्हणून पांढरं कापड मी आता घेत नाही. दिवसाला दोन ब्लाऊज होतात. ठिगळाचा रंग वेगळा आहे, मांडीचा, आणि तो वेगळाच राहणार. मला तो आवडतो असं मी म्हणणार नाही, पण बघून बघून सवय झालीय, घरातल्या वेगळ्या रंगाच्या फरशीसारखी.

एक गोष्ट भाचीनं मोबाईलवर वाचून दाखवली ती सांगते, कारण तुमच्या लेखात प्लास्टिक सर्जरी परदेशातून आल्यासारखं लिहिलं होतं. कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी घरचा गडी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता, टिपूच्या लढाईत १७९२ ला पकडला गेला, त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीट भाजणाऱ्या कुंभार जातीच्या एका माणसानं त्याला नवीन नाक बसवलं आणि मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी बघितलं. आधी मेणाच्या पातळ पत्र्यानं नाकाचं माप घेतलं, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली, भुवयांमधली एक पट्टी मात्र तुटू दिली नाही, तिच्यातून रक्त चालू राहायला. म्हणजे आधी माप, मग खडूनं आखणी, मग कटिंग! मला तर तो आमच्यातलाच वाटला. हे सगळं १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आलं आणि ते वाचून तिकडच्या कार्प्यू नावाच्या सर्जननं १८१४ ला पहिल्यांदा तसं करून बघितलं. कावसजीचं नाव राहिलं, बघणाऱ्या डॉक्टरांची राहिली, करणाऱ्याचं कुणी लिहून ठेवलं नाही.

पण मला त्यातलं जे आवडलं ते पुढचं आहे. कातडी लावल्यावर वरून कातात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवस. मग त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. पाच सहा दिवस पेशंटला उताणं झोपवून ठेवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, भोकं बुजू नयेत म्हणून. आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास ती भुवयांमधली पट्टी कापायची. एवढं सगळं दिवस घालून लिहिलंय, सव्वादोनशे वर्षांपूर्वी. माझ्या डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलं होतं ते मी वर सांगितलंच.

म्हणून माझी मागणी लहान आहे. ज्या पेशंटला कातडी लावली त्याच्या कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात, स्प्लिंट कोणत्या तारखेपर्यंत, मोजा कोणत्या तारखेपर्यंत, व्यायाम दिवसातून किती वेळा, आणि सोडलं तर काय होईल, हे लिहून घरातल्या मोठ्या माणसासमोर वाचून दाखवा, पेशंटसमोर नको, पेशंटला आमच्याकडं कोण विचारतं. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस हाताचा व्यायाम घेणारं माणूस बसवा. आणि योजनेत ऑपरेशन बसतं तिथं मोजा पण बसवा, कारण मोज्याशिवाय तेच ऑपरेशन पुन्हा करावं लागतं आणि त्याचे पैसे मग सरकारचेच जातात, माझ्या दुसऱ्या ऑपरेशनचे गेले तसे.

शेवटचं, आणि हे खरं तर वाचकांसाठी आहे. मोजा शिवणं हे काही रॉकेट नाही. पुण्याच्या थेरपीच्या मॅडमनी माझ्याकडून माझाच एक मोजा शिवून घेतला, त्यांनी माप आणि किती टक्के कमी धरायचं ते दिलं, मी कटिंग केलं, बोटांच्या मधल्या खाचा तेवढ्या तीनदा उसवाव्या लागल्या, पण बसला. त्या म्हणाल्या माप त्या घेतील, पेशंट त्या बघतील, शिवणार असाल तर शिवा. विकतच्यापेक्षा निम्म्याहून कमी किमतीत होईल असा माझा अंदाज आहे. अडलंय ते कापडावर. त्याला पॉवरनेट म्हणतात, चारी बाजूंनी ताणणारं, जाड, चांगल्या प्रतीचं पाहिजे. कराड, सातारा, कोल्हापुरात विचारून झालं, जे मिळालं ते दोन धुण्यांत सैल पडलं. इचलकरंजी, भिवंडी, उल्हासनगरकडच्या कुणा वाचकाला ते दहा वीस मीटरमध्ये कुठं मिळतं हे माहीत असेल तर तुमच्या ऑफिसात कळवावं, माझा नंबर तिथं दिलेला आहे. फोन दुपारी दोन ते चारमध्ये करावा, बाकीच्या वेळी मशीन चालू असतं, ऐकू येत नाही.

आपली एक वाचक,
ता. कराड, जि. सातारा
(नाव छापू नये. छापायचंच तर चकली छापा.)